पाहुणे गेल्यावर हिशेब कोण मांडतं?

दिवाळीची सुटी जवळ आली, की बोरिवली-मुलुंडच्या घरांतून कोकणातल्या ‘घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयी’ची चौकशी सुरू होते. वाडीतली खोली, वाडीमागे समुद्र आणि केळीच्या पानावर जेवण! चार दिवस आपल्याला स्वयंपाकघराचं तोंड पाहावं लागत नाही. पण आपल्याऐवजी ते कोणीतरी पाहतंच, नाही का?

या ‘कोणीतरी’चा विचार विद्यापीठांतल्या मंडळींनी बराच केला आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात १९८०च्या दशकात शॉ आणि विल्यम्स या अभ्यासकांनी अशा लहान व्यवसायांची पाहणी केली. पुष्कळांचे भांडवल म्हणजे स्वतःची किंवा घरच्यांची शिल्लक, आणि धंद्याचा अनुभव बेताचाच, असे त्यांना दिसले. स्पेनमध्ये गार्सिया-रामोन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी शेतघरी पाहुणे ठेवणाऱ्या बायकांवर १९९५ साली लेख लिहिला. तिथेही पाहुण्यांचं सारं घरच्या बाईकडेच. घरकामाचाच तो लांबलेला पदर. मात्र घर न सोडता चार पैसे मिळतात, शहरातल्या माणसांशी ओळखी होतात, याचं त्या बायकांना समाधान होतं, हेही त्यांनी नोंदलं आहे. मला हे आवडलं. नुसते अश्रू ढाळणारे लेख आपण काय थोडे वाचतो?

आपल्याकडचं दिवेआगरच घ्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावी १९९७च्या नोव्हेंबरात सुपारीच्या वाडीत पेटी सापडली आणि तिच्यात सोन्याचा गणपती! दर्शनाला गर्दी लोटली. माणसं आली म्हणजे त्यांना जेवायला हवं, पाठ टेकायला जागा हवी. घरोघर खोल्या निघाल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, गणपती गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला, अन् गर्दीही ओसरली. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षं जातात. एरवी अशा वेळी खोल्यांचा आधार. पण त्या वर्षी टाळेबंदीमुळे त्याही रिकाम्याच.

शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, आणि २०२३ मध्ये ‘आई’ नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरण. या दुसऱ्यात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा ठरावीक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो. अट एकच महत्त्वाची, व्यवसाय बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा. गाडं अडतं ते इथेच! वाडी सासऱ्यांच्या नावे, घर नवऱ्याच्या नावे, पाटीवर फोन मुलाचा. आणि पहाटे उठून नारळ खवणारी मात्र ती. तुमच्या माहेरी कोणी वहिनी-भावजय असा व्यवसाय करीत असेल, तर कागदपत्रांचा विषय तिच्या कानावर जरूर घाला.

आणि आपण जाऊ तेव्हा? माणसं किती, शाकाहारी किती, मासे खाणारे किती, हे निघण्यापूर्वीच कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. रात्री दहाला पोचून “गरम घावन होतील का हो?” असं विचारू नका. परतताना आमसुलं, कुळथाचं पीठ तिच्याकडूनच घ्या, अन् पैसे तिच्या हातात द्या. खोलीचं भाडं कुठेही जावो, पिठाचे पैसे तरी तिच्याच डब्यात पडतात.