पोलिसांकडून लोकांना नेमकं काय हवं असतं?

कड्यात पोलिसांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ओळख असल्याशिवाय तिथं काम होत नाही." आज या वाक्याकडं जरा नीट बघू.

लोक पोलिसांकडून रोज शौर्य मागत नाहीत. आमचं ऐकून घ्या, लिहून घ्या आणि पुढं काय झालं ते कळवा, एवढंच मागतात. आणि हे मागणं म्हणजे मेहेरबानी नाही, तो कायद्यानं दिलेला हक्क आहे.

आधी लिहून घेण्याचं बघा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी फिर्याद घ्यायची. आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं, कारण आपण जिल्ह्याच्या टोकाला राहतो. समजा, नगरला कांदा विकून येणाऱ्या शेतकऱ्याला वाटेत लुटलं. जागा बीड जिल्ह्यातली की नगरची, हे शोधणं त्याचं काम नाही. तो ज्या ठाण्यात जाईल तिथं नोंद व्हायची आणि मग ती योग्य ठाण्याकडं जायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

दुसरं, कळवणं. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं, असं कलम १९३ सांगतं. त्यामुळं "आमच्या केसचं काय झालं?" असं विचारणारा माणूस पोलिसांना त्रास देत नसतो.

आणि नोंदच घेतली नाही तर? तक्रार लेखी करून पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो.

आता ओळखीचा मुद्दा. ९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तपास पुढं सीआयडी आणि विशेष पथकाकडं गेला. पोलीस कुणाचं ऐकतात, हा प्रश्न तेव्हा गावोगाव उघडपणे विचारला गेला. त्यानंतर २०२५ मध्ये अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनाव काढायला लावलं. आडनावावरून जात ओळखायची आणि त्यावरून माणूस आपला की परका ठरवायचं, हे थांबावं हा हेतू. पाऊल चांगलं आहे. पण पाटी बदलली म्हणून वागणूक आपोआप बदलत नाही. ज्याची ओळख नाही त्याची फिर्यादही तितक्याच लवकर लिहिली जाते का, हे बघावं लागेल. कारण ठाण्यात ज्याचं ऐकलं जात नाही, तो न्यायासाठी गावातल्या दांडग्याच्या दारात जातो. मग दांडग्याचं वजन वाढतं आणि पोलिसांचं घटतं.

आपल्या बाजूनंही काही करायचं आहे. पाहिलेलं खरं सांगा, साक्षीला मागं हटू नका, खोटी फिर्याद देऊ नका. तातडीची वेळ असेल तर ११२ ला फोन करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.