एकाच घरात तीन मोबाईल, तीन वेगळी कुलुपं

दिवाळी पहाटेचा डोंबिवलीच्या फडके रोडवरचा एकच फोटो. मुलगी तो सगळ्यांना दाखवते, आई फक्त नातेवाइकांना, आजोबा कुणालाच नाही. तिघांचंही बरोबर आहे, कारण प्रत्येकाची गरज वेगळी!

🔹 आजी-आजोबा: इथे मुख्य धोका पैशांचा. त्यांच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून द्या. आधारची प्रत कुणाला द्यायचीच असेल, तर जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

🔹 रोज लोकलने ठाण्याला-मुंबईला जाणाऱ्या मुली: ठरलेली गाडी आणि स्टेशन स्टोरीत लगेच टाकू नका, घरी पोचल्यावर टाका. उशीर झाला तर लाइव्ह लोकेशन घरच्यांना मात्र जरूर पाठवा. माहिती तीच, पण कुणाला दिली यावर सगळं ठरतं.

🔹 घरगुती डबे, शिकवण्या करणारे: नंबर जाहीर केल्याशिवाय गिऱ्हाईक येणार कसं? म्हणून धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. बँकेशी जोडलेला नंबर पत्रकावर छापू नका.

🔹 सोसायटीच्या ग्रुपमधले सगळे: तिथे तुमचा नंबर अनोळखी लोकांनाही दिसतो. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो घरातल्या प्रत्येकाचा आहे. म्हणून दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आज रात्री जेवताना घरच्यांना विचारा: तुला काय जपावंसं वाटतं?

#ठाणे #कल्याण #डोंबिवली