न्यूट्रॉनचा बिल्ला

अणुभट्टीत, प्लुटोनियमयुक्त इंधन हाताळणाऱ्या कारखान्यात, त्वरकाच्या दालनात, किंवा तेलविहिरीत अमेरिशियम-बेरिलियमचा किरणोत्सर्गी उद्गम सोडून भूस्तरांची पाहणी करणाऱ्या पथकात जे लोक राबतात, त्यांपैकी अनेकांच्या छातीवर क्ष-किरण व गॅमा-किरण मोजणाऱ्या नेहमीच्या टीएलडी बॅजखेरीज आणखी एक बिल्ला असतो; आणि त्याच्या पोटातील पारदर्शक तुकडा बहुधा सीआर-३९ नामक त्याच प्लास्टिकचा असतो, ज्याची चष्म्याची भिंगे करतात.

न्यूट्रॉनास विद्युद्भार नसल्यामुळे पदार्थातून जाताना तो स्वतःची खूण ठेवीत नाही. त्याने ज्यास धडक दिली त्याच्या गतीवरूनच त्याची वार्ता लागते. हायड्रोजनचा अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, जवळजवळ त्याच्याच वजनाचा असल्याने, गोटीने गोटी नेमकी टिपावी तशी समोरासमोर गाठ पडली की न्यूट्रॉनची सारी ऊर्जा प्रोटॉनच्या पदरी पडते. १९३२ च्या आरंभी पॅरिसमध्ये इरेन क्यूरी व फ्रेदेरिक झोलिओ या दांपत्याने पॅराफिन मेणातून वेगाने उसळणारे प्रोटॉन पाहिले, परंतु त्यांचे कर्तृत्व गॅमा-किरणांच्या खाती मांडले. केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांनी त्याच पुराव्याची फेरतपासणी करून काही आठवड्यांतच न्यूट्रॉनचा शोध जाहीर केला. आजच्या बिल्ल्यात प्लास्टिकपुढे पॉलिएथिलीनचा जो पातळ पत्रा बसवितात, तो त्या मेणाच्या जागी आहे.

आरंभी हे काम छायाचित्रणाच्या विशेष फिल्मकडे होते. तिच्या लेपात प्रोटॉनने आखलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजीत. पण उष्णता व दमटपणा यांनी त्या रेषा विरतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यासारख्या हवेत अशा साक्षीवर भिस्त ठेवणे कठीण. १९७८ मध्ये कार्टराइट, शर्क व प्राइस यांनी सीआर-३९ अशा सूक्ष्म जखमा उत्तम रीतीने जपून ठेवते हे दाखवून दिल्यावर फिल्मचा अंमल ओसरत गेला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही याच प्लास्टिकचा अंगीकार केला.

मुदत संपून बिल्ला प्रयोगशाळेत दाखल झाला, की क्रमांक घातलेला तुकडा बाहेर काढून, ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या कॉस्टिकच्या तीव्र द्रावणात काही तास बुडवून ठेवतात. प्रोटॉनने जेथे रेणूंच्या साखळ्या तोडल्या असतील तेथे क्षार अधिक वेगाने प्लास्टिक खातो, आणि डोळ्यांस अगोचर असलेली इजा गोल वा लंबगोल खळग्याच्या रूपाने सूक्ष्मदर्शकाखाली उमटते. हवेतील रेडॉनपासून निघणारे अल्फा-कणही असेच खळगे पाडतात. म्हणून तुकडा ॲल्युमिनियमयुक्त पाकिटात बंद करतात, आणि कामाच्या जागेपासून दूर ठेवलेल्या तुलनेच्या बिल्ल्यांवरील खळगे एकंदर मोजदादीतून वजा करतात.

खरी कसोटी यापुढे लागते. न्यूट्रॉनची ऊर्जा बदलली की शरीरावरील परिणामही बदलतो, इतका की त्यासाठी ठरविलेला आंतरराष्ट्रीय गुणक मंद न्यूट्रॉनसाठी अडीच, तर सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनसाठी विसाच्या घरात जातो. एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालच्या न्यूट्रॉनांचे प्रोटॉन-खळगे सीआर-३९ वर फारसे उमटतच नाहीत. त्यांच्यासाठी बोरॉन किंवा लिथियम-६ यांचा आश्रय घेऊन, शरीरातून मंद होऊन परतलेले न्यूट्रॉन पकडावे लागतात. शिवाय बिल्ल्याची रुजुवात प्रयोगशाळेतील ज्ञात उद्गमापुढे, मानवी धडाऐवजी उभ्या केलेल्या पाण्याच्या वा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर होते. कामाच्या जागी मात्र भिंतींवरून परतलेल्या मंद न्यूट्रॉनांची भेसळ असते. ती ध्यानी न घेता केलेला गुणाकार अंकगणितदृष्ट्या बिनचूक असूनही मात्रा चुकवू शकतो, म्हणून खळगे मोजणाऱ्यास त्या खोलीचीही माहिती असावी लागते.

या खटाटोपातून निघालेला मिलिसिव्हर्टचा आकडा कर्मचाऱ्याच्या नावे, गॅमा-किरणांच्या मात्रेत मिळवून, नोंदला जातो. भारतात अणुऊर्जा नियामक परिषदेने अशा एकूण मात्रेस पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घालून दिली आहे. बिल्ला न्यूट्रॉन अडवीत नाही; त्याची नोंद पाहून भिंत जाड करावी, पाळी आखूड करावी की मनुष्य तेथून हलवावा, हे अधिकाऱ्यांनी ठरवायचे असते. त्या नोंदीतील शून्याचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. बिल्ल्यास ओळखता येईल इतकी मात्रा पोहोचली नाही, एवढेच ते शून्य सांगते. आणि बिल्ला मेजाच्या खणात ठेवून कामावर गेलेल्या माणसाच्या नावापुढेही हुबेहूब तसेच शून्य पडते. या दोन शून्यांतील फरक कोणतेही द्रावण दाखवू शकत नाही. तो पाळीच्या आरंभी प्रत्येकाच्या छातीकडे पाहणाऱ्या पर्यवेक्षकासच राखावा लागतो.