आरंभरेषेवरची संख्या आणि शर्यतींचा हंगाम

अमेरिकेतील हौशी सायकल शर्यतींचा हंगाम वरवर पाहता हवामान ठरवते, कारण कॅलिफोर्नियात वर्षाच्या आरंभीच शर्यती सुरू होतात, तर विस्कॉन्सिनसारख्या उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळून रस्ते कोरडे होईपर्यंत थांबावे लागते. परंतु उपलब्ध आठवड्यांपैकी कोणता रविवार कोणत्या शर्यतीला मिळावा, ती किती गटांत विभागावी आणि पुढच्या वर्षी ती भरवावी की नाही, हे निर्णय आरंभरेषेवर किती स्वार उभे राहतील या अंदाजावरच घेतले जातात. व्यावसायिक शर्यतींना मोठे प्रायोजक आणि काही वेळा दूरचित्रवाणीचा पैसा मिळतो. हौशी शर्यतीचा मुख्य आधार मात्र बहुधा स्पर्धकांनी भरलेले प्रवेश शुल्क हाच असतो आणि ती भरवणारी मंडळी बहुतेक वेळा एखाद्या सायकल क्लबचे स्वयंसेवक असतात.

या शर्यतींचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे क्रिटेरियम, अर्थात शहरातील रस्ते बंद करून साधारण दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांवर घेतली जाणारी वेगवान शर्यत. पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका, विमा, पंच आणि रस्ता अडवण्याचे कठडे यांचा खर्च स्पर्धक पन्नास आले काय किंवा दोनशे आले काय, जवळजवळ तेवढाच राहतो. समजा, हा खर्च ६,००० डॉलर आणि प्रवेश शुल्क ४० डॉलर असेल, तर १५० स्वार आल्यावर आयोजकाचा खर्च जेमतेम भरून निघतो आणि १०० आले तर २,००० डॉलरची तूट क्लबच्या माथी बसते. शिवाय बंदोबस्ताची मागणी बरीच आधी नोंदवावी लागते, पण अनेक स्वार आकाशाचा रंग पाहून शेवटच्या दोन-तीन दिवसांत नाव देतात. म्हणून आधी नोंदणी करणाऱ्यास सवलत आणि आयत्या वेळी येणाऱ्यास जादा शुल्क ही पद्धत सर्वत्र रुळली आहे.

संख्येचा परिणाम एका दिवसाच्या वेळापत्रकावरही तितकाच खोल होतो. यूएसए सायकलिंग ही राष्ट्रीय संस्था स्वारांची श्रेणी लावते. पाचवी श्रेणी नवशिक्यांची, पहिली सर्वांत अनुभवी हौशी स्वारांची, आणि वरच्या श्रेण्या गाठण्यासाठी बहुधा शर्यतींमधील क्रमांकानुसार गुण मिळवावे लागतात. हे गुण त्या गटात किती जण उतरले यावरही अवलंबून असल्यामुळे तुरळक उपस्थितीच्या शर्यतीत जिंकूनही फारसे पदरी पडत नाही आणि महत्त्वाकांक्षी स्वार साहजिकच जिथे गर्दी असते तिकडे वळतात. रस्ता सकाळी सात ते संध्याकाळी पाच असा बंद मिळाला, तर त्यात आठ-दहा शर्यती बसतात. बारा जणांच्या गटालाही साठ जणांच्या गटाइतकाच वेळ द्यावा लागतो, आणि म्हणून लहान गट एकत्र करण्याकडे आयोजकांचा कल असतो. याची झळ सर्वाधिक स्त्रियांना पोहोचते, कारण नवशिक्या स्त्रियांना अनुभवी स्त्रियांसोबत सोडले की पहिल्या काही फेऱ्यांतच त्या मागे पडतात, त्यांतील काही पुन्हा येत नाहीत, आणि पुढच्या वर्षीची घटलेली संख्या हाच गट एकत्र ठेवण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ज्या वेळापत्रकामुळे संख्या घटली त्याच वेळापत्रकाचे त्या संख्येने समर्थन करणे, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

एकाच प्रदेशातील दोन शर्यती एकाच दिवशी आल्या तर तेच मर्यादित स्वार वाटले जातात आणि दोन्ही आयोजक तोट्यात जातात. त्यामुळे काही तारखांना परंपरेचे संरक्षण लाभते. न्यू जर्सीतील ‘टूर ऑफ सॉमरव्हिल’ १९४० पासून हुतात्मा स्मरणाच्या सुट्टीला, म्हणजे आजच्या पद्धतीनुसार मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, होत आली आहे. तिचे पहिले दोन विजेते फर्मन कुगलर आणि कार्ल अँडरसन दुसऱ्या महायुद्धात मारले गेले आणि पुढे त्यांची नावे शर्यतीला दिली गेली, त्यामुळे त्या तारखेशी तिचे नाते केवळ सोयीचे उरलेले नाही. विस्कॉन्सिनमधील ‘टूर ऑफ अमेरिकाज डेअरीलँड’ने जूनमध्ये वेगळी वाट धरली: जवळजवळच्या गावांत लागोपाठच्या दिवशी शर्यती ठेवल्या की दूरचा स्वार एका प्रवासात अनेक शर्यती करतो. आपल्याकडे शेजारच्या गावांचे आठवडे बाजार वेगवेगळ्या वारी भरतात आणि तेच व्यापारी एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, त्यामागचा हिशेबही हाच आहे.

आठवड्याच्या मधल्या दिवसांचे गणित सोपे आहे: स्वार नोकरदार असल्यामुळे उन्हाळ्यातील लांब संध्याकाळी कामाच्या वेळेनंतर सराव शर्यती होतात, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तर सुट्टीच्या दिवशीही फिरायला येणाऱ्यांची वर्दळ वाढण्यापूर्वी, पहाटेच शर्यत उरकावी लागते.

ऑगस्टपर्यंत ऊन, सुट्ट्या आणि थकवा यांमुळे रस्त्यावरील शर्यतींचा उत्साह ओसरू लागतो आणि शरद ऋतूत चिखल, गवत व अडथळ्यांतून सायकल कधी चालवत, कधी खांद्यावर घेऊन धावण्याची सायक्लोक्रॉस शर्यत त्यांची जागा घेते. अलीकडे मात्र या क्रमालाच खडीच्या रस्त्यांवरील दीर्घ शर्यतींनी धक्का दिला. कॅन्ससमधील एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०० मैलांच्या शर्यतीला पहिल्या वर्षी ३४ स्वार होते. आता तेथे हजारो येतात आणि प्रवेशासाठी सोडत काढली जाते. सोडतीत नाव लागलेला स्वार काही महिने आधीच आपला वसंत ऋतू तिच्या तयारीसाठी राखून ठेवतो, त्यामुळे त्या काळातील स्थानिक शर्यतींना तो दिसेनासा होतो.

अशा स्थितीत काही आयोजक नवशिक्यांचा आणि स्त्रियांचा स्वतंत्र गट तोटा सोसून दोन-तीन हंगाम टिकवतात आणि त्याची भरपाई पुरुषांच्या भरलेल्या गटांच्या शुल्कातून करतात. त्या गटाला भल्या सकाळची वेळ न देता दुपारची, प्रेक्षक असण्याची वेळ द्यावी, हाही त्यातला एक आवश्यक भाग आहे, कारण सकाळी सातला रिकाम्या रस्त्यावर धावणाऱ्यांना पाहून आपणही पुढच्या वर्षी नाव द्यावे असे वाटायला तेथे कोणी हजरच नसते.