पवनचक्कीखालचा सरडा

आम्ही जांभूळची माणसं प्रदूषण नाकाने ओळखतो. जवळच अंबरनाथचे रासायनिक कारखाने, पुढे उल्हासनगरातून जाणारी वालधुनी. गावातलं एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र उल्हास नदीवर चालतं, त्यामुळे नदीत काय सोडलं जातं याची काळजी इथे घरोघरी असते. अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईला पवनचक्की आवडणारच. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही. मला ती हवीच आहे. पण मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवते, आणि जो परिणाम नाकाला कळत नाही तो मोजायचा कसा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

कायद्याने तो जवळजवळ विचारलेलाच नाही. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेत आहे. तिच्यात धरणं आहेत, खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्रं आहेत, पवनऊर्जा नाही. म्हणजे जनसुनावणीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016मध्ये तिला पांढऱ्या, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या गटात टाकलं. जमीन वनखात्याची असेल तर 1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, एवढंच. भीमाशंकरजवळच्या प्रकल्पात तीही पुरेशी पडली नाही. माधव गाडगीळ समितीच्या 2011च्या अहवालात त्याबद्दल वाचावं: डोंगर कापून केलेले रस्ते, त्यांमुळे झालेली धूप, खाली घरंगळलेला राडारोडा. अवजड पाती डोंगरमाथ्यावर न्यायची तर रुंद रस्ता लागतोच, आणि बरंचसं नुकसान चक्की फिरण्याआधीच होऊन जातं.

खरी शिकण्यासारखी जागा मात्र साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. जांभ्या दगडाचा उघडाबोडका सडा, त्यावर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या पवनचक्क्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांब्रे व हर्षल भोसले यांनी तिथे चक्क्या असलेला भाग आणि शेजारचा नसलेला भाग यांची तुलना केली. 2018मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. कापशी घार, तिसा यांच्या जातकुळीतले हे पक्षी सरडे खातात. ते कमी, म्हणून सरडे जास्त.

हा सरडा पाहण्यासारखा आहे. पावसाळ्याच्या आधी, तापलेल्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, नारिंगी. अभ्यासकांनी दोन्हीकडच्या सरड्यांजवळ जाऊन, माणूस किती अंतरावर आला की ते पळतात, हे मोजलं. रक्तातलं ताणाचं संप्रेरक तपासलं. चक्क्यांखालचे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, ताणही कमी होता. पण अंगाने ते रोडावलेले होते आणि नरांचे रंग फिके. खाणारी तोंडं वाढली, अन्न तेवढंच राहिलं.

एरवी पवनचक्कीचा परिणाम तपासायचा म्हणजे तिच्याखाली मेलेले पक्षी आणि वटवाघळं शोधायची. ते कामही नीट केलं तर किचकट असतं. रात्रीतून कोल्ही-कुत्री कलेवरं पळवतात, गवतात काही नजरेतून सुटतात. म्हणून आधीच काही कलेवरं मुद्दाम ठेवून किती दिवस टिकतात आणि शोधणाऱ्याला त्यांतली किती सापडतात हे पाहतात, मग आकडा दुरुस्त करतात. पण चाळकेवाडीत अशी कितीही चोख मोजणी केली असती, तरी सरड्यांचं काय झालं हे कळलं नसतं. जो पक्षी त्या आभाळात यायचाच थांबला, त्याचं कलेवर सापडणार कुठून?

त्यासाठी खांब उभा राहण्याआधी मोजलं पाहिजे. पूर्ण वर्षभर, पावसाळ्यासकट, आणि जिथे चक्की येणार नाही अशा शेजारच्या पठारावरही त्याच दिवसांत. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर 2013मध्ये चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं आणि पक्षी मरण्याचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. प्रयोग लहानसाच, पण 2006पासूनच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून फरक दाखवता तरी आला.

आता केंद्र सरकारचं डिसेंबर 2023चं नवं धोरण जुन्या, कमी क्षमतेच्या पवनचक्क्या काढून त्या जागी मोठ्या उभारायला प्रोत्साहन देतं. साताऱ्याच्या पठारांवर अशा जुन्या चक्क्या आहेत. त्या बदलायच्या तर खांब उंच होणार, पाती लांब होणार, रस्ते पुन्हा रुंद होणार. परवानगी देताना राज्य सरकारने एक अट घालावी, अशी माझी मागणी आहे: कामाआधी वर्षभराची नोंद, काम झाल्यावर निदान काही वर्षं तीच नोंद त्याच जागी, आणि दोन्हींचे आकडे त्या गावच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवायचे. नोंदीची सुरुवात उन्हाळ्यात करावी. पाऊस पडून गेल्यावर गेलं, तर सरड्याच्या गळ्याचा रंग तपासायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.