सोलापूरचं जंगल गुडघ्याएवढं

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही स्वतःच्या मर्जीने. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतल्या माळांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली काळा दगड. तिथे साग-ऐनाची राई वाढली नाही, वाढलं ते गवत. वनखात्याच्या ताब्यातल्या जमिनीवरही गवत, गायरानावरही गवत. त्यामुळे इथल्या जंगलाची तब्येत बघायला वर मान करून चालत नाही, वाकावं लागतं. हे एकदा ध्यानात घेतलं की जंगल वाचवण्याच्या नावाखाली चाललेली कितीतरी कामं जंगलाच्या मुळावर कशी येतात तेही कळतं.

माळ वाचायचा कसा

नीट राखलेल्या माळावर मारवेल आणि पवन्या ही बारमाही गवतं ठोंब धरून असतात. मध्येमध्ये बोराटी, हेकळ, एखादं हिवर. ढोरांना मारवेल सगळ्यात आवडतं, म्हणून चराई वाढली की तेच आधी जातं. मग कुसळीचं राज्य येतं. पिकलेली कुसळं मेंढीच्या लोकरीत शिरतात, तोंडाला टोचतात. त्यापुढची पायरी म्हणजे पावसाळ्यात उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणारं हलकं, हंगामी गवत. आणि तरवड. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे पिवळ्या फुलांनी भरलेला माळ फोटोत छान दिसला तरी तो बहुतेक वेळा चरून दमलेला माळ असतो.

या गवतावर एक अख्खी दुनिया जगते. काळवीट, खोकड, लांडगा, तरस, चंडोल, भारीट, आणि पूर्वी मोठ्या संख्येने असलेला माळढोक. मीटरभर उंचीचा हा पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. मादी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. टोळ, भुंगे, बोरं, भुईमूग, सगळं खाते. तिला दूरवर दिसेल असा मोकळा माळ लागतो. कमरेएवढं दाट गवतही तिला नको आणि उघडाबोडका मुरूमही नको.

दुष्काळी कामातून आलेलं कुरण

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमातून इथे माळाचे तुकडे राखायला घेतले. हेतू साधा होता: मातीची धूप थांबावी, चारा मिळावा. माळढोक कुणाच्या आराखड्यात नव्हता. राखलेल्या तुकड्यांत गवत सावरलं आणि पक्षी तिथे वीण करू लागला. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच्या नोंदी ठेवल्या, खात्याचं आणि बाहेरच्या अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या माळढोकांचा अभ्यास केला, त्यात नान्नज हे महत्त्वाचं ठिकाण होतं.

मला या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती ही की इथे कुणी निसर्ग उभारला नाही. चर खणून हद्द आखली, जनावरं काही काळ बाहेर ठेवली, गवत बी धरेपर्यंत कापलं नाही. बाकीचं काम गवताने केलं.

कागदावरचं अभयारण्य

चूक झाली ती आकारात. अभयारण्याचं क्षेत्र धरलं साधारण ८,५०० चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं अभयारण्यात. खरंखुरं राखलेलं कुरण त्यातलं नखाएवढं. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, आणि ज्या पक्ष्याला गावाने कधी त्रास दिला नव्हता त्याच्या नावाने गाव बोटं मोडू लागलं. पुढे न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं, पण मनात धरलेली अढी अशी अधिसूचनेने जात नाही.

दरम्यान भोवतालची शेतीही पालटली. माळढोक दिवसा शेतात चरायचा: ज्वारी, करडई, भुईमूग, तूर. १९८०च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं, कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आला. नान्नज तर द्राक्षांचं गाव म्हणून नावाजलं. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं इथल्याच नानासाहेब काळे यांच्या शेतातून बाहेर पडली. दुष्काळी गावाने बागायत केली यात गैर काही नाही. पण मांडव, तारा, ऊस आणि विजेच्या वाहिन्या यांत हा जड, समोरचं कमी दिसणारा पक्षी राहू शकत नाही. गेल्या काही वर्षांत नान्नजला एखाददुसराच माळढोक नोंदला जातो. देशात रानात दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे कृत्रिम प्रजननाचा कार्यक्रमही चालू आहे.

मग सोलापूरच्या गवताचं काय करायचं? पक्षी गेला म्हणून माळ मोडीत काढायचा, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण काळवीट आणि लांडगा अजून इथेच आहेत, आणि मुख्य म्हणजे शेळ्या-मेंढ्या इथेच आहेत.

खड्डे खणण्याची हौस

राज्यात २०१६ला दोन कोटी, २०१७ला चार, २०१८ला तेरा आणि २०१९ला तेहतीस कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठरलं होतं. लक्ष्य आलं की जागा हवी, आणि जागा म्हटली की नजर जाते ती ‘मोकळ्या’ माळावर. शहरात ठीक आहे. सोलापूरकर विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात सकाळी फिरतात, तिथली सावली त्यांना हवीच. पण गवताच्या ठोंबांत दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी लावणं म्हणजे चालतं कुरण मोडणं. नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पाची लागवड झाली होती, आणि पक्षीतज्ज्ञांना ती काढा म्हणून सांगावं लागलं. वेडी बाभूळ तर लावावीही लागत नाही. एकदा शिरली की शेळ्यांच्या पोटातून तिचं बी गावभर जातं.

कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: गवताची साठवण जमिनीखाली असते, मुळांत आणि मातीत. झाड जळलं की त्यातला कार्बन गेला. वणव्यानंतर किंवा दुष्काळानंतर गवताचा ठोंब मुळांवरून परत फुटतो.

श्रमदानाचा ताकदवान आणि नाजूक भाग

लोकांनी एकत्र येऊन काम करणं सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१९ साली बार्शी तालुक्यातलं सुर्डी हे गाव राज्यात पहिलं आलं. एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस टिकाव-फावडं चालवणं काय असतं हे ज्याने सोलापूरचा उन्हाळा पाहिलाय त्याला सांगायला नको. पुढे त्याच संस्थेने ‘समृद्ध गाव’ स्पर्धा आणली, आणि तिच्या विषयांत पाण्याबरोबर संरक्षित कुरणही घेतलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पाण्याच्या चळवळीत गवताला पहिल्यांदा वेगळे गुण मिळाले.

नाजूक भाग असा की जेसीबीने माळभर ओळीने सलग समतल चर मारले तर पाणी मुरतं खरं, पण बारमाही गवताची कातडी सोलून निघते. उपसलेल्या मातीवर आधी गाजर गवत येतं. चर तिथे घ्यावेत जिथे जमीन आधीच उघडी पडली आहे, घळी पडल्या आहेत. जिथे मारवेलचे ठोंब जिवंत आहेत तिथे तेच ठोंब पाणी अडवतात. तिथे यंत्र नेऊ नये. स्पर्धेत घनमीटर मोजले गेले की माणूस खणत सुटतो, हा दोष माणसाचा कमी, मोजपट्टीचा जास्त.

कुरण परत आणायचं तर

गावाने एक तुकडा निवडावा, पन्नास एकर असला तरी पुष्कळ. नांगर न लागलेला तुकडा असला तर निम्मं काम झालेलंच असतं, कारण मुळं आणि बी जमिनीत असतात. एकदा नांगरलेला माळ पूर्ववत व्हायला खूप वर्षं घेतो.

जूनच्या पहिल्या पावसापासून तिथे जनावर सोडायचं नाही. पहिल्या वर्षी हंगामी गवतच जास्त दिसेल, लोक हसतील. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मारवेल, पवन्या डोकं वर काढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पडू द्यायचं, मगच विळा लावायचा. कापून न्यायचं, चारायचं नाही. हिवरे बाजार या गावाने चराईबंदीबरोबर हेच केलं: गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, आणि गावातली दुधाची धार वाढली. ‘बंदी’ एवढाच अर्धा भाग उचलणारी गावं दोन वर्षांत भांडून मोकळी होतात.

जिथे बी उरलं नसेल तिथे शेजारच्या चांगल्या बांधावरून मारवेलचं बी गोळा करून किंवा ठोंब फोडून लावता येतात. ओल्या दिवसांत, खड्डा न करता. वेडी बाभूळ मुळासकट काढावी, नुसती तोडली की दुप्पट फुटते. बोराटी, हेकळ ठेवावी. खोकडाची बिळं आणि पाखरांचे आडोसे तिथेच असतात. हिवाळ्याच्या शेवटी कडेने जाळरेषा घ्यायची, म्हणजे कुणाच्या विडीने अख्खं कुरण जाणार नाही.

आणि कुरण सावरल्यावर ते कायमचं बंद ठेवू नये. चराई पुरती थांबली की गवत माजतं, जुनं काड साचतं, वणव्याला सरपण होतं. तुकडे पाडून आळीपाळीने हलकी चराई, हाच इथल्या माळाचा जुना रिवाज आहे.

धनगर, लांडगा आणि मोकाट कुत्री

हा रिवाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना बहुतेक बैठकांत बोलावलंच जात नाही. दख्खनी मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांना कुठलं गवत कधी लागू पडतं, कुठे पाणी टिकतं हे पुस्तकाविना माहीत असतं. नान्नज परिसरातल्या लांडग्यांवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी काम केलं आहे. मेंढपाळ आणि लांडगा एकाच माळावर राहतात हे त्यातून पुन्हा दिसलं. एखादं कोकरू लांडग्याने नेलं तर तो त्याचा वाटा, असं मानणारे जुने धनगर अजून भेटतात. मात्र भरपाई वेळेवर मिळाली नाही तर हा मोठेपणा किती दिवस टिकावा? काळविटांच्या कळपाने ज्वारीचं कोवळं रान खाल्लेल्या शेतकऱ्यालाही तोच प्रश्न विचारता येईल.

लांडग्याचा खरा वैरी सध्या मोकाट कुत्रा आहे. गावाबाहेर टाकलेला कोंबड्यांचा कचरा, मेलेली जनावरं यांवर कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात. त्या काळविटाची पाडसं फाडतात, लांडग्यांत रोग पसरवतात, आणि पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्रा संकराची नोंद झाली आहे. कुरण राखण्याच्या यादीत उकिरड्याची व्यवस्था कुणी लिहीत नाही. लिहायला हवी.

गायरानावरचे नवे दावेदार

गायरान हे गावाचं सामाईक. ते सहजी कुणाला देता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या जगपाल सिंग प्रकरणात ठणकावलं. अतिक्रमणं मात्र आहेत, आणि आता सौर प्रकल्पही आले आहेत. शेतीला दिवसा वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला जागा हवी, आणि ती शोधताना पुन्हा गायरानच पुढे येतं. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण पॅनेल नापीक, आधीच उखडलेल्या जागेवर बसवता येतात. जिवंत कुरणावर बसवले तर चारा विकत आणायला लागतो, आणि दुष्काळात छावणीच्या रांगेत उभं राहायला लागतं. कुठला तुकडा जिवंत आणि कुठला मेलेला, हे ठरवायला गावाकडे लेखी पुरावा हवा. तो ठेवायची सोय कायद्यात आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही एखाद्या संस्थेने एकसारखी छापून दिलेली, कपाटात पडलेली असते. तिच्यात गट नंबरवार कुठलं गवत, बी कधी पडतं, कुठल्या ओढ्यात मार्चपर्यंत पाणी, कुठल्या वाड्याच्या मेंढ्या कुठल्या महिन्यात, एवढं लिहिलं तरी तहसीलदारापुढे ठेवायला कागद होतो.

तारखेचं एक सांगायचं राहिलं. मेंढ्या घेऊन दूर जाणारे अनेक धनगर दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि पावसाळ्यात घरी असतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला ते गावातच असतात, गवतही हिरवं असतं आणि बी पडायला अजून दोन-अडीच महिने असतात. चराई कुठे थांबवायची आणि कापणी कधी उघडायची याचा ठराव तेव्हाच घ्यावा. २६ जानेवारीच्या सभेत तो घेतला तर मेंढपाळ बाहेरगावी आणि माळ आधीच चरून झालेला असतो.