दाण्याचे कूट आणि दोन मिनिटे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी एखाद्या प्रवासावर किंवा जुन्या गुरुजनांच्या आठवणींवर चार पाने लिहून देते. यंदाचा प्रवास अगदी जवळचा आहे. घरापासून तीन किलोमीटरवर असलेल्या एका साध्या उपाहारगृहात २०१८ च्या डिसेंबरात आम्ही पाच माणसे जेवायला गेलो होतो. भूलतज्ज्ञ म्हणून बत्तीस वर्षे काम केलेल्या माझ्या हातून त्या रात्री जी भूल झाली, ती आपल्या व्यवसायबंधूंसमोर एकदा सांगून टाकावी, असे बरेच दिवस मनात होते.

इंदुरात राहायचे आणि बाहेर खायचे नाही, हे व्रत कोणालाही पेलणारे नाही. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी छप्पन दुकान, आणि रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर उजळणारा सराफा. होळकरांच्या काळापासून येथे रुजलेल्या आम्हा मराठी मंडळींनी या खाद्यसंस्कृतीत आपलीही भर घातली. सराफ्यातल्या कढईत परतली जाणारी साबुदाण्याची खिचडी, शेव आणि चिवडा पेरून का होईना, शेवटी आपलीच. आणि खिचडी म्हटली की दाण्याचे कूट आले.

आमच्या नातीचे आणि शेंगदाण्याचे वैर २०१४ च्या संक्रांतीला उघडकीस आले. ती तेव्हा चौदा महिन्यांची होती. शेजारच्या काकूंनी मायेने दाण्याच्या लाडवाचा कण तिच्या ओठांना लावला आणि दहा मिनिटांत तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या. पुढे त्वचेची व रक्ताची तपासणी होऊन निदान पक्के झाले. येथे एक कबुली देणे भाग आहे. तिला तान्हेपणी इसब होता, म्हणून "तीन वर्षांची होईपर्यंत दाणा देऊ नका," असे सुनेला मीच बजावले होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली तसा सल्ला दिला होता आणि तो माझ्या डोक्यात पक्का बसला होता. २००८ साली तो मागे घेतला गेला, हे मात्र माझ्या वाचनातून निसटले. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका अधिक असलेल्या ६४० अर्भकांपैकी ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात दाणा देण्यास सुरुवात केली, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आमच्या नातीचे दुखणे माझ्या सल्ल्यामुळेच उद्भवले असे शास्त्र म्हणणार नाही. पण तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरातून दाणा हद्दपार करणे तुलनेने सोपे होते. भरल्या वांग्यात तीळ-खोबरे आले, कोशिंबिरीत नारळ आला, घाण्याचे शेंगतेल बंद झाले. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते उरू शकते. यजमानांना खमंग भाजलेला दाणा जीव की प्राण. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एकादशी सोडून दिली. कठीण होते ते घराबाहेरचे. मूल उंबऱ्याच्या आत किती दिवस राखणार? त्यामुळे महिन्यातून एखादे वेळी, विचारपूस करून, आम्ही बाहेर जेवू लागलो.

त्या रविवारी आम्ही पांढऱ्या रश्श्यातले पनीर मागवले. मी वेटरला विचारले, "इसमें मूँगफली तो नहीं है?" तो अदबीने म्हणाला, "नहीं मैडम, बिल्कुल नहीं." माझे समाधान झाले. चौथ्या घासाला नात म्हणाली, "आजी, जीभ टोचतेय." मग ओठ खाजवू लागली, मानेवर लाल चट्टे आले, एक उलटी झाली. माझ्या पिशवीत सेटिरिझिनचे पातळ औषध होते, ते मी पाजले आणि तिची नाडी धरून बसले.

सुनेच्या पर्समध्ये एका जुन्या चष्म्याच्या घरात अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल, एक मिलिलिटरची सिरिंज आणि सुई असे. परदेशात मिळते तसे आपोआप टोचणारे पेन आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून ही सोय मीच करून दिली होती आणि अँप्यूल फोडण्यापासून सर्व तिला शिकवले होते. तिने विचारले, "आई, देऊ का?"

मी म्हणाले, "थांब, दोन मिनिटे बघू."

या दोन मिनिटांचा मी पुढे फार विचार केला. शस्त्रक्रियागृहात एखाद्या औषधाने रुग्णाचा रक्तदाब कोसळला तेव्हा मी कधी दोन सेकंदही थांबले नव्हते. मग येथेच हात का आखडला? समोर नात होती, हे एक कारण झालेच. अ‍ॅड्रेनलिन म्हणजे मरणाच्या दारातले औषध, ही आपल्या पिढीच्या मनात घट्ट बसलेली धास्ती, हे दुसरे. पण तिसरे कारण सांगताना मान खाली जाते. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली होती. भरल्या उपाहारगृहात मुलीची मांडी उघडी करून सुई टोचायची, गल्ल्यावरचा मालक धावत येणार, सगळ्यांची जेवणे थांबणार, याचा मला संकोच वाटला.

एवढ्यात तिचा खोकला बदलला. आवाज घोगरा झाला आणि ती श्वास ओढू लागली. सुनेने मला पुन्हा विचारले नाही. तिने अँप्यूल फोडली, ०.२ मिलिलिटर औषध ओढले, सुईची टोपी दातांनी काढली आणि विजारीच्या कापडावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूस सरळ आत टोचली. नात तेव्हा वीस किलोची होती, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजार द्रावणाचे बरोबर तेवढेच. वाणिज्य शाखेची पदवीधर असलेल्या माझ्या सुनेने हा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून पाठ केला होता आणि वजन वाढेल तसा तो बदलत होती. पाच-सात मिनिटांत श्वास मोकळा झाला. मोटारीत आम्ही तिला चालवत नेले नाही, उचलून नेले. ती रात्र रुग्णालयात निरीक्षणाखाली गेली, कारण प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उलटू शकते. पहाटे तिने भूक लागली म्हणून सांगितले.

आठवड्याने मी एकटी त्या उपाहारगृहात गेले. भांडायला गेले नव्हते, पण मालकाला तसे वाटले असावे. माझा हेतू कळल्यावर त्याने मला थेट भटारखान्यात नेले. तेथला आचारी वयस्क होता, राजस्थानकडचा. पांढऱ्या रश्श्यात काय घालता, असे विचारल्यावर त्याने बोटांवर मोजून सांगितले: कांदा, मगज, काजूचा तुकडा, "और काजू महँगा पड़ता है तो थोड़ा सींगदाना पीस देते हैं." वेटर खोटे बोलला नव्हता. त्याच्या मते मूँगफली म्हणजे ताटात दिसणारी शेंग अथवा दाणा. पांढऱ्या लुसलुशीत वाटणात ती असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून आमची रीत बदलली. "दाणा आहे का?" असे आम्ही विचारत नाही, "हे घट्ट कशाने केले?" असे विचारतो, आणि वेटरला नव्हे, आचाऱ्याला. हिंदीत लिहिलेले एक पत्र जवळ ठेवतो, ते आत पाठवतो: मूँगफली, सींगदाना, उसका चूरा, उसका तेल, और वही कलछी भी नहीं. गर्दीच्या वेळी जात नाही. सातच्या आत गेले तर आचाऱ्याला बोलायला उसंत असते. अनुभवाने काही ठिकाणे कायमची वर्ज्य झाली. उपवासाचे पदार्थ मिळतात ती सर्व. लग्नाच्या पंगतीतले बुफे, कारण तेथे एका भांड्यातली पळी दुसऱ्यात जाते. आणि आश्चर्य वाटेल, पण इडली-डोशाची दुकानेही, कारण खोबऱ्याच्या चटणीत भर म्हणून दाणा सर्रास वाटला जातो. उलट रस्त्यावरची एकाच पदार्थाची गाडी मला अनेकदा बरी वाटते. चकचकीत उपाहारगृहात साठ पदार्थ आणि चार कढया. गाडीवर माणूस एक, पदार्थ एक, आणि सामान डोळ्यांसमोर. स्वच्छतेबद्दल आपले सभासद मला फैलावर घेतील, त्यांनी खुशाल घ्यावे.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर दाणा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन इत्यादींची नोंद आवश्यक आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहांनाही अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे भाग आहे. पण आपण जेथे जेवतो ती बहुतेक ठिकाणे एकाच गल्ल्याची. ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा एडनन-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावातल्या तिळामुळे दगावली. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथे दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक छापण्याचा कायदा लागू झाला. आमच्या घरी ज्या तिळाने दाण्याची जागा घेतली, त्याच तिळाने तिकडे एक घर उजाड केले होते.

आपल्या व्यवसायाबद्दलही दोन शब्द. या अनुभवानंतर ओळखीतल्या अशाच काही मुलांची कागदपत्रे मी पाहिली. त्यांत "दाणा वर्ज्य" असे होते, सेटिरिझिन होते, क्वचित स्टेरॉइड होते. अ‍ॅड्रेनलिन एकाही कागदावर नव्हते. गांधीची खाज अँटिहिस्टामिनने शमते, पण आवळलेली श्वासनलिका त्याने सुटत नाही आणि कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. काही रुपयांची अँप्यूल आणि पंधरा मिनिटांचे शिक्षण आपण आईवडिलांना देत नाही, कारण ते टोचतील की नाही याची आपल्याला खात्री नसते. माझ्या घरी तर डॉक्टर थांबली आणि सुनेने टोचले. एक बारकावा सांगून ठेवते: इन्शुलिनची सिरिंज देऊ नका. तिची सुई तोकडी, स्नायूपर्यंत पोहोचत नाही, आणि युनिटांच्या रेघांनी घाबरलेल्या माणसाचा घोटाळा होतो.

नात आता किशोरवयात आहे. चष्म्याचे घर तिच्याच पिशवीत असते आणि टोचायचे कसे हे तिच्या दोन मैत्रिणींनाही ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात परीक्षा संपल्यावर त्या तिघी सराफ्यात गेल्या, सोबत म्हणून मी गेले. भुट्ट्याचा कीस झाला, मग गराडूच्या गाडीपाशी थांबलो. मी पुढे सरसावणार तोच तिने मला हातानेच मागे राहायला सांगितले आणि तेल कोणते, म्हणून विचारले. गाडीवाल्याने डबा फिरवून दाखवला, सोयाबीनचे होते. कढईत दुसरे काही तळता का? नाही. वर भुरभुरता तो मसाला? तो क्षणभर थांबला. "मसाला घर से आता है बेटा, पता नहीं." मग काय वाटले कोण जाणे, झारा बाजूला ठेवून त्याने खिशातून फोन काढला आणि रात्री साडेदहा वाजता आईला उठवले. दोन-चार वाक्ये झाली. फोन ठेवून तो ओशाळून म्हणाला, "माँ कह रही है, मसाले में तो नहीं है, पर संक्रांत की चिक्की का दाना उसी खलबट्टे में कूटा था."

"तो मसाला मत डालो भैया," नात म्हणाली, "नींबू-नमक डाल दो." त्याने हात धुतले, नवा द्रोण घेतला, आणि मिठाचा न उघडलेला पुडा तिच्यासमोर फोडला.